पाय सुजले म्हणजे नक्की काय झालं? सुजेचे प्रकार आणि ती कायमची उतरते का, हे समजून घेऊ

संध्याकाळी चप्पल घट्ट होते. मोज्याची खूण घोट्यावर तशीच राहते. बोटातली अंगठी निघता निघत नाही. घरात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, दिवसभर उभं राहून पाय भरलेत." आपल्या दखनीत सांगायचं तर, "कुछ नै, जरा पावाँ सूजे, सुबू उतर जाते."

पुष्कळदा सकाळी सूज खरंच उतरते, आणि म्हणूनच पंचाईत होते. जी उतरत नाही तिच्याकडेही आपण त्याच नजरेनं बघतो. महिना जातो, दोन महिने जातात, कुणीतरी मेडिकलमधून "पाण्याची गोळी" आणून देतं, कुणी बिब्बा लावतं, कुणी गरम विटेनं शेकतं. दवाखान्यात पोचेपर्यंत हृदयाचा, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार बराच पुढं गेलेला असतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. उपचार सांगणं आमचं काम नाही. पण कुठली सूज साधी, कुठली धोक्याची आणि कुठली पुन्हा उतरू शकते, एवढं प्रत्येक घराला कळायला हवं. म्हणून हा लेख.

एका शब्दाची गोष्ट

वैद्यकशास्त्रात अशा सुजेला 'एडिमा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सूज एवढाच. आयुर्वेदात 'शोथ', पोटात पाणी झालं तर 'जलोदर'. उर्दूत साध्या सुजेला 'वरम' म्हणतात आणि अंगात पाणी साठण्याच्या आजाराला 'इस्तिस्का'.

इस्तिस्का हा शब्द आपल्या भागातल्या माणसाला वेगळ्याच कारणानं माहीत असतो. पावसानं ओढ दिली, पेरण्या वाळायला लागल्या की ईदगाहवर नमाज-ए-इस्तिस्का होते. शब्दाचा अर्थच पाणी मागणं. युनानी हकिमांनी हाच शब्द अंगात पाणी साठण्याच्या रोगाला दिला आणि त्याचे तीन प्रकार केले. सगळ्या अंगाच्या मांसात पाणी मुरतं तो लहमी, पोट मशकीसारखं पाण्यानं भरतं तो जिक्की आणि पोट तबल्यासारखं वाजतं तो तब्ली. म्हणजे सगळी सूज एकसारखी नसते, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. सुजेमागचं कारण मात्र पुढं सापडलं. 1827 साली लंडनच्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी दाखवून दिलं की अंग सुजलेल्या अनेक रुग्णांच्या लघवीतून प्रथिन जात असतं आणि त्यांच्या किडन्या बिघडलेल्या असतात. तेव्हापासून सूज हा स्वतंत्र रोग न राहता दुसऱ्या रोगाची खूण ठरली. पुढचं सगळं समजायला हे एक वाक्य पुरेसं आहे.

पाणी बाहेर येतं कसं?

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणी महाल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तो बांध. एखाद्या बांधाच्या खालचं शेत चिबडलं, तर शेतकरी कशाकशाचा विचार करतो? आत पाणी फार तुंबलं का, भिंत झिरपते का, खालच्या मातीत पाणी धरून ठेवण्याची ताकद कशी आहे, आणि पाणी काढून देणारा चर बुजला तर नाही?

शरीरातही जवळजवळ हेच चार प्रश्न असतात. आपल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर पाझरतं आणि पेशींना पोचतं. त्यातलं जास्तीचं पाणी परत रक्तात ओढलं जातं किंवा लसीकावाहिन्यांमार्फत परत येतं. हा हिशेब चार ठिकाणी चुकतो:

1. दाब वाढतो. हृदय कमजोर झालं, पायाच्या शिरांमधल्या झडपा बिघडल्या किंवा शिरेत गुठळी अडकली की रक्त मागं तुंबतं. किडनीनं मीठ-पाणी बाहेर टाकलं नाही, तरीही दाब वाढतो.
2. रक्तातलं प्रथिन घटतं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. ते लिव्हरमध्ये तयार होतं. लिव्हर बिघडलं, किडनीतून ते वाहून गेलं किंवा मुलाला पुरेसं खायलाच मिळालं नाही, की पाणी बाहेर पडतं.
3. भिंत झिरपते. जखम, जंतूंचा संसर्ग, अॅलर्जी, गांधीलमाशीचा डंख यात वाहिनीची भिंत सैल होते.
4. चर बुजतो. लसीकावाहिन्या बंद पडल्या की पाणी आणि प्रथिन दोन्ही जागच्या जागी अडकतात. हत्तीरोगात हेच होतं.

लक्षात ठेवा, सगळ्या अंगावर सूज डोळ्यांना दिसू लागते तोवर मोठ्या माणसाच्या शरीरात दोन-तीन लिटर जास्तीचं पाणी साठलेलं असतं. म्हणून वजनकाटा पुष्कळदा डोळ्यांच्या आधी सांगतो.

घरच्या घरी चार गोष्टी बघा

खड्डा पडतो का? नडगीच्या हाडावर किंवा पायाच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं पाच-दहा सेकंद दाबा आणि सोडा. खड्डा राहिला तर ती पाण्याची सूज. हृदय, किडनी, लिव्हर, शिरा यांच्या सुजेत बहुधा खड्डा पडतो. थायरॉईड फार कमी झाल्यावर येणारी आणि जुन्या हत्तीरोगाची सूज घट्ट असते, तिथं खड्डा पडत नाही.

एका पायाला की दोन्ही? दोन्ही पाय सारखे सुजले तर कारण बहुधा आतल्या अवयवात, रक्तात किंवा औषधात असतं. एकच पाय सुजला तर कारण त्या पायातच शोधायचं. गुठळी, संसर्ग, मार, लसीका.

कधी वाढते? संध्याकाळी पायाला वाढणारी आणि सकाळी उतरणारी सूज शिरांची किंवा हृदयाची असू शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगलेली सूज, विशेषतः मुलांमध्ये, किडनीकडे बोट दाखवते. आधी पोट फुगलं आणि मग पाय, तर लिव्हरचा विचार येतो.

सोबत काय आहे? दम लागणं, लघवी कमी होणं, लघवीला साबणासारखा फेस येणं, डोळे पिवळे होणं, ताप, छातीत दुखणं. डॉक्टरांना सूज दाखवताना हेही सांगा. लाजू नका.

आता मुख्य प्रश्न : सूज उतरते का?

उत्तर सुजेवर नाही, कारणावर अवलंबून असतं. सरळ तीन गट करू.

पूर्ण उतरणारी सूज. उभं राहून, लांबचा प्रवास करून किंवा उन्हाळ्यात येणारी सूज पाय वर ठेवले की उतरते. शिक्षक, शिंपी, दुकानदार, एसटीचे चालक-वाहक यांना ती ओळखीची आहे. औषधानं येणारी सूजही या गटातली. ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळी अनेकांचे घोटे सुजवते. अंगदुखीच्या गोळ्या आणि स्टेरॉईड मीठ-पाणी धरून ठेवतात. डॉक्टरांनी गोळी बदलली की ही सूज जाते. पण बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करणं म्हणजे सूज घालवून लकवा ओढवून घेणं.

मुलांमधल्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये सकाळी डोळे सुजतात, मग सगळं अंग. घरचे घाबरतात, कुणी नजर लागली म्हणतं. बहुतेक मुलांमध्ये योग्य स्टेरॉईड उपचारानं काही आठवड्यांत लघवीतलं प्रथिन थांबतं. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. कुपोषणाची सूजही उतरते. लहान मुलाच्या दोन्ही पायांवर दाबून खड्डा पडला तर ते गुटगुटीत नाही, तीव्र कुपोषित असू शकतं. अंगणवाडीताई आणि आशाताई हेच बघतात. "आमचं बाळ तर गुबगुबीत आहे" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

भेसळीची सूजही सांगायला हवी. आपल्या बांधावर उगवणाऱ्या पिवळ्या धोतऱ्याचं बी मोहरीसारखं दिसतं. त्याचं तेल खाण्याच्या तेलात मिसळलं तर वाहिन्या झिरपू लागतात, पाय सुजतात, दम लागतो. 1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या अशाच भेसळीनं हजारो लोक आजारी पडले आणि साठहून जास्त माणसं गेली. एकाच घरातल्या अनेकांचे पाय एकदम सुजले तर आधी तेल बंद करा आणि दवाखाना गाठा.

आटोक्यात राहणारी सूज. हृदय कमजोर झालेलं असेल, किडनीचा जुना आजार असेल, लिव्हर आकसलं असेल, तर सूज उतरते पण कारण उरतं. पाण्याची गोळी सूज कमी करते, हृदय किंवा किडनी दुरुस्त करत नाही. गोळी सोडली, मीठ वाढलं की सूज परत. म्हणून "सूज गेली, आता गोळी कशाला" हा हिशेब चुकीचा आहे. हृदयाच्या रुग्णानं रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करावं. एका दिवसात किलोहून जास्त किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वाढलं, तर पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना कळवावं. पायाच्या फुगलेल्या, निळ्या-हिरव्या शिरांची सूजही या गटात येते. ती दाबमोजे, चालणं आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया यांनी आटोक्यात येते.

पूर्ण न उतरणारी सूज. यात सर्वात मोठं नाव हत्तीरोगाचं. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत आपल्या धाराशिवचं (उस्मानाबादचं) नाव राहिलं आहे. सोलापूर, लातूर, नांदेडही त्यात राहिले आहेत. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, धाग्यासारखे जंत लसीकावाहिन्यांत राहतात, आणि वर्षानुवर्षांनी पाय जड होतो. या जंतांची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून आरोग्य खात्याचे लोक रात्री रक्त घ्यायला येतात. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

अगदी सुरुवातीला ही सूज रात्री पाय वर ठेवल्यावर उतरते. तेव्हाच उपचार सुरू झाले तर ती तिथंच रोखता येते. पुढं कातडी जाड झाली, घड्या पडल्या, की ती पहिल्यासारखी होत नाही. तरीही वाढ थांबवता येते आणि वारंवार येणारा ताप-लालीचा झटका टाळता येतो. अंडवृद्धीवर मात्र शस्त्रक्रियेनं गुण येतो, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला येणारी सूज याच जातीची. तिथंही लवकर व्यायाम आणि पट्टी सुरू केली तर फरक पडतो.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम येते तेव्हा काही मोहल्ल्यांत "या गोळ्या कशाच्या आहेत कोण जाणे" अशी कुजबूज होते. गोळ्या जंतांच्या आहेत. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत, बाकीच्यांनी समोर गिळायच्या असतात. आज पाय ठीक असलेल्यानंही त्या घ्यायच्या, कारण पाय जड झाल्यावर त्या पाय पहिल्यासारखा करू शकत नाहीत.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- एक पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते. शिरेत गुठळी असू शकते. मालिश करू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. लांबचा प्रवास, ऑपरेशन, बाळंतपण यानंतर हा धोका जास्त. हज-उमऱ्याच्या लांब विमानप्रवासात म्हणूनच अधूनमधून उठून चालावं.
- सुजेसोबत दम लागतो, आडवं झोपवत नाही, उशा वाढवाव्या लागतात, गुलाबी फेसाचा खोकला येतो. फुप्फुसात पाणी झालंय.
- ओठ, जीभ, घसा सुजला. अॅलर्जीनं श्वास बंद होऊ शकतो.
- पाय लाल, गरम आणि थंडी वाजून ताप. साखरेच्या रुग्णाला तर हे फारच धोक्याचं.
- पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईचा चेहरा आणि हात सुजले, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. बीपी 140/90 किंवा त्याहून वर असेल तर आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे.

अशा वेळी 108 ला फोन करा. घरातली मोठी माणसं येईपर्यंत वाट बघत बसू नका.

गरोदरपणाबद्दल थोडं जास्त बोलतो. पाय थोडे सुजणं गरोदरपणात सर्रास असतं. "आम्हाला पण सुजले होते, सहा लेकरं झाली" असं सासूबाई म्हणतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण साधी सूज आणि बीपीची सूज यातला फरक डोळ्यांनी कळत नाही, बीपी मोजून आणि लघवी तपासूनच कळतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. पुरुष डॉक्टरला पाय दाखवायला संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टर किंवा नर्सबाई यांना दाखवा. पडदा सांभाळूनही तपासणी होते. पडद्याचं कारण देऊन ती टाळू मात्र नका.

घरात काय करायचं

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. यात पापड, लोणचं, फरसाण, खारी बिस्किटं, सुकी मासळी सगळं धरायचं. सैंधव मीठ चालतं हा गैरसमज आहे, त्यातही सोडियमच असतं. किडनीच्या रुग्णानं बाजारातलं 'कमी सोडियमचं मीठ' विचारल्याशिवाय वापरू नये, त्यातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका.

पाय वर. उशीवर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा थोडे उंच, दिवसातून दोन-तीनदा. पण ज्याला आडवं झाल्यावर दम लागतो त्यानं हे करू नये.

हालचाल. पोटरी हा पायाचा पंप आहे. चालणं, टाचा उचलणं, घोटा फिरवणं यानं तुंबलेलं रक्त वर सरकतं.

पायाची निगा. हत्तीरोगाच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यात शिकवतात ती निगा अशी : पाय रोज साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, बोटांच्या मधली जागा स्वच्छ करा, टिपून कोरडी करा, भेग दिसली तर मलम लावा. आपल्याकडं वजूत पाय धुताना बोटांचं खिलाल करतात, म्हणजे अर्धं काम दिवसातून पाच वेळा आपोआप होतं. राहिलं पुसणं. ओल्या पायानं मोजे चढवले तर बोटांमध्ये बुरशी होते, तिथून जंतू शिरतात. वजूनंतर पायासाठी वेगळा कोरडा रुमाल ठेवा. जखमेवर पट्टी असेल तर पाणी लावायचं की मसह करायचा, हे आपल्या आलिमांना विचारून घ्या.

हिजामा. हिजाम्याचा आम्हाला आदर आहे. पण सुजलेल्या पायावर, विशेषतः लसीकेच्या सुजेत किंवा साखर असताना, कातडीला चीर देणं म्हणजे जंतूंना दार उघडून देणं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या पायावर करू नये.

रमजान. रोजात पाण्याची गोळी सकाळी घेता येत नाही म्हणून पुष्कळ लोक ती महिनाभर सोडून देतात आणि इफ्तारला मात्र भजी, समोसे, चटपटीत चणे. ईदपर्यंत पाय भरलेले. रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन गोळीची वेळ बदलून घ्या. हृदय किंवा किडनीचा आजार जास्त असेल तर रोजा ठेवावा की नाही हेही विचारा. आजाऱ्याला सवलत कुरआनातच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

दाखवायचं कुठं?

पहिली पायरी जवळचं आरोग्य केंद्र. बीपी, वजन, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, साखर एवढ्या तपासण्यांतून अर्धं चित्र स्पष्ट होतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढच्या तपासण्यांसाठी आपल्याकडची माणसं धाराशिव किंवा सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात जातात.

अणदूरच्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम याच गावात उभं केलं. खेड्यातल्या, फार न शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांना 'भारतवैद्य' केलं. त्या कामातून दिसलेली गोष्ट साधी आहे. बीपी मोजणं, रक्त कमी आहे का बघणं, कुणाला पुढं पाठवायचं हे ओळखणं, हे गावातली बाई शिकू शकते. मग सुजलेल्या पायावर अंगठा दाबून बघणं आपल्याला का जमू नये?

आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय बघा. दोन्ही नडग्यांवर दाबा. खड्डा पडला, तर ते कोणकोणत्या गोळ्या खातात त्याची पाकिटं एका पिशवीत भरा आणि या आठवड्यातच डॉक्टरांपुढं ठेवा. सूज जितकी नवी, तितकी ती उतरण्याची शक्यता जास्त. अल्लाह सगळ्यांना शिफा देवो.